पाच दिवसांची रजा

मावशी, शोकसभेत सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. अध्यक्षांनी तुम्हाला ग्रंथालयाचा कणा म्हटलं. ते ऐकून तुम्ही पदराआड हसला असता आणि नंतर चहाच्या वेळी मला विचारलं असतं, की कणा म्हणजे पाठीचाच ना, मग माझी पाठ दुखायची तेव्हा यांनी एक तरी कपाट सरकवलं का. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. तसं नव्हतं. मी तुमच्यावर रागावले होते आणि शोकसभेत रागावलेलं बोलता येत नाही. म्हणून आता लिहिते.

तुमचं जन्मगाव, वय, सेवेची वर्षं हे सगळं ठरावात आलं आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. मी आपल्या दोघींचं लिहिते.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील गोदामात हमाली करायचे, आई विचुंब्यात लोकांकडे पोळ्या लाटायची. माझ्या बी.ए.च्या सर्टिफिकेटची फ्रेम आमच्या घरात देव्हाऱ्याच्या वर लावलेली आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी इथे पनवेलच्या ग्रंथालयात आले तेव्हा तुम्ही आधीपासून होता. आठवी पास, ओवे गावाहून बसने येणाऱ्या हिरा मावशी, पद शिपाई. पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं की पुस्तकं क्रमांकाने लावायची, रंगाने आणि जाडीने नाही. तुम्ही ‘बरं म्याडम’ म्हणालात. महिनाभराने एका आजोबांनी पुस्तक मागितलं. नाव आठवत नव्हतं त्यांना, फक्त निळं आहे आणि कोपरा उंदराने खाल्लाय एवढं माहीत होतं. मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसले. तुम्ही ते आणून त्यांच्या हातात ठेवलंत आणि माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर परवडलं असतं.

‘म्याडम’वरून ‘बाय’वर यायला तुम्हाला तीन वर्षं लागली. ज्या दिवशी पहिल्यांदा ‘बाय’ म्हणालात त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं.

शांतता हा तुमचा प्रांत होता. टेबलावर लाकडी पट्टी असायची. कोणी मोबाईलवर बोललं की खाड्कन पट्टी. इनाया पहिल्यांदा आली तेव्हाही तुम्ही तेच केलंत. खांदा कॉलनीतली, आठ वर्षांची मुलगी. वडील आखातात नोकरीला, म्हणून आई रुबिनाताई घेऊन आलेल्या. पुस्तक उघडलं की इनाया एका सुरात हुंकार देत राहायची आणि बोटं डोळ्यांपुढे धरून हलवायची. पेपर वाचणाऱ्या एका आजोबांनी तक्रार केली, तुम्ही उठलात, तिच्याजवळ जाऊन पट्टी आपटलीत. ती किंचाळली, कानांवर हात ठेवून टेबलाखाली शिरली, आणि तिला बाहेर काढायला अर्धा तास लागला. जाताना रुबिनाताई म्हणाल्या, ‘माफ करा, पुन्हा नाही आणणार.’ भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी तुम्ही डबा उघडला नाही.

ते ऑनलाइन प्रशिक्षण मी त्यानंतर शोधलं. लहान मुलं आणि स्वमग्न वाचक यांच्यासाठी ग्रंथालयात काय करायचं, याचं ग्रंथपालांना शिक्षण. आठ आठवडे, आठवड्यातून दोन दुपारी. आपलं ग्रंथालय एक ते चार बंद असतं, त्यामुळे वेळ जुळली. खरं सांगायचं तर मी ते इनायासाठी जेवढं घेतलं तेवढंच आणखी एका सर्टिफिकेटसाठी घेतलं. तुम्ही दुपारी ओव्याला परत जात नव्हता, बालविभागातल्या चटईवर आडव्या व्हायचात. पहिल्या दिवशी प्रशिक्षक बाई आपला परिचय देत होत्या आणि तुम्ही घोरत होता. मी माईक बंद केला. तिसऱ्या दिवशी तुम्ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात, पण कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने. मी म्हटलं, या की पुढे. ‘मी शिपाई, माझं काय थोबाड दावायचं,’ म्हणालात.

मग तुमचे प्रश्न सुरू झाले. एकदा मला हलवून म्हणालात, ‘तिला इचारा, पोर हुं हुं करते ती दुखतं म्हनून का बरं वाटतं म्हनून?’ मला लाज वाटली. मी इंग्रजी शब्द घालून एक प्रश्न तयार ठेवला होता, तो विचारायचा होता. तुम्ही कोपराने ढोसत राहिलात म्हणून मी तुमचाच विचारला. बाईंनी समोरचे कागद बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, हा प्रश्न सगळ्यांनी वहीत लिहून घ्या. दोन्ही असू शकतं, आधी काय घडलं ते बघा म्हणजे कळेल. त्या दिवशी माझ्या इंग्रजी प्रश्नाची चिठ्ठी तुम्ही केराच्या टोपलीत टाकलीत आणि मी ती टाकू दिली.

तुम्ही स्वतः खांदा कॉलनीत जाऊन रुबिनाताईंना घेऊन आलात. चूक पोरीची नव्हती, माझी होती, असं त्यांच्या दारात उभं राहून सांगितलंत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पट्टी त्यानंतर वाऱ्याने आपटणारी खिडकी अडवायला लागली.

प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची: पुढे काय होणार आहे ते मुलाला आधी सांगा, दिसेल असं सांगा. तुम्ही जुन्या कॅटलॉगची कार्डं काढलीत. कॉम्प्युटर आल्यावर ती रद्दीत जाणार होती, त्यातला एक खण तुम्ही लपवून ठेवला होता. कार्डांच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने चित्रं काढलीत. चप्पल, चटई, पुस्तक, पाण्याची बाटली, पंखा बंद, दार. खणातल्या सळईसाठी कार्डाला खाली भोक असतंच, त्यातून सुतळी ओवलीत. एकेक काम झालं की इनाया ते कार्ड उलटं करायची. दोन आठवड्यांत ती हुंकार देत देत चाळीस मिनिटं बसायला लागली. पेपरवाल्या आजोबांनी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘आजोबा, तुमी पेपर वाचताना ओठ हलवता. आमी काय बोलतो का?’ आजोबांनी ओठ मिटले ते ग्रंथालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत.

कार्डांचा फोटो मी बाईंना दाखवला. त्यांनी विचारलं, चित्रं कोणी काढली. एक क्षण माझी जीभ घुटमळली, मावशी. ‘मी’ म्हणायला एकच अक्षर लागत होतं. मग मी कॅमेरा तुमच्याकडे फिरवला. तुम्ही पदराने तोंड झाकलंत आणि पडद्यावरचे सगळे ग्रंथपाल टाळ्या वाजवायला लागले. त्याबद्दल मला स्वतःचा अभिमान आहे, लिहून ठेवते. पुढचं लिहिताना तो कामाला येईल.

सातव्या आठवड्यात आपलं भांडण झालं. त्या दिवशी विषय होता बदलांचा. ग्रंथालयातलं ओळखीचं माणूस सोडून जाणार असेल, आजारी असेल, वारलं असेल तर मुलाला काय सांगायचं. बाई म्हणाल्या, सरळ शब्दांत खरं सांगा, आणि शक्य असेल तर आधी सांगा. देवाघरी गेले, झोपले, असं काही म्हणू नका. तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत.

‘पोरीला असं तोंडावर सांगायचं?’

मी म्हटलं, आधी सांगितलं की तयारी होते.

‘मरनाची कसली तयारी, बाय? आदी सांगितलं तर मानूस दोन वेला मरतो. आनि त्याच्या संगतीचे पन.’

मी म्हटलं, शिकलेल्या लोकांनी अभ्यास करून ठरवलंय हे. हे वाक्य मी बोलले. माझ्या वडिलांना लोक असंच बोलायचे आणि ते ऐकून मी शिकायचं ठरवलं होतं, तरी बोलले. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. ‘शिकलेल्या मानसांना मरन येत नाय वाटतं.’

आठवडाभर हे चाललं. पुस्तकं लावताना, कुलूप घालताना, बसस्टॉपवर. मी वहीतले मुद्दे काढायची, तुम्ही तुमच्या सासूच्या, भावाच्या मरणाच्या गोष्टी काढायचात. शेवटी एका दुपारी तुम्ही म्हणालात, ‘तुमचं खरं असंल. पन मना नाय जमनार.’ मला वाटलं मी जिंकले. तुम्ही पाणी प्यायला गेलात आणि बराच वेळ आला नाहीत, याकडे मी लक्षही दिलं नाही.

नंतर दोन महिन्यांनी तुम्ही रजा मागितलीत. अर्ज नेहमीप्रमाणे मीच लिहायला घेतला, कारण माझं अक्षर चांगलं. कारण काय लिहू, विचारलं. ‘लिवा, घरचं काम.’ किती दिवस? ‘आठ लिवा.’ मी म्हटलं, आठ फार होतात मावशी, शनिवारी मुलांचा तास आहे, मी एकटी काय काय करू. तुम्ही लगेच म्हणालात, ‘बरं, पाच लिवा.’ रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडणाऱ्या तुम्ही. एवढ्या पटकन ऐकलंत तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी पाच लिहिलं, तुम्ही सही केलीत. इनायासाठी एका कार्डावर स्वतःचा अंबाडा आणि चष्मा काढलात, खाली पाच उभ्या रेघा. तिला सांगितलंत, रोज एक खोड, संपल्या की मी येते.

तुम्हाला खरंच तसं वाटत होतं का, हे आता तुमच्या सुनेलाही माहीत नाही.

शनिवारी पाचही रेघा खोडलेल्या होत्या. ‘मावशी कुठे?’ इनायाने विचारलं. तुमचा फोन बंद होता. मला राग आलेला. रजा वाढवायची तर कळवायला काय होतं, असं मनात म्हणत मी तिला सांगितलं, सोमवारी येतील. रविवारी सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. मी ओव्याला पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. तुमचा चष्मा काढलेला होता आणि त्याशिवायचा तुमचा चेहरा मी नऊ वर्षांत पहिल्यांदा बघत होते.

अध्यक्ष म्हणाले, सोमवारी ग्रंथालय बंद ठेवू. मी म्हटलं, नको, इनायाला सोमवार सांगितलाय. वहीत वाक्य लिहून ठेवलं होतं, अगदी शिकवलं होतं तसं. ती आली, सुतळीपाशी बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘सोमवार.’ रुबिनाताईंना मी फोनवर कळवलं होतं. त्या दाराशी थांबून मी काय बोलते ते ऐकत होत्या. वही माझ्या हातात होती. मी म्हटलं, ‘मावशी गावाला गेल्यात. पुढच्या सोमवारी येतील.’

शनिवारचा सोमवार मी न कळता दिला होता. हा मी जाणूनबुजून दिला. रुबिनाताईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आखातातून नवरा कधी येणार याच्या तारखा त्या घरी कॅलेंडरवर लिहितात, आणि इनाया एकही तारीख विसरत नाही. हे मला माहीत होतं. तरी दिला.

दुसऱ्या सोमवारी ती बरोबर चारला आली. पुस्तक घेतलं नाही, पाणी प्यायली नाही, एकही कार्ड उलटं केलं नाही. दार उघडलं की मान वर करायची. सात वाजता मी म्हटलं, इनाया, आता घरी. तिने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला, मग पुन्हा, आणि सोडेचना. रुबिनाताईंनी तिला उचलून खांद्यावर टाकलं. एवढी मोठी झालेली मुलगी. पेपरवाले आजोबा उठून दार धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी तुमचा दहावा होता. ओव्याला तुमच्या सुनेने मला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. गाठ आहे हे गणपतीच्या आधीच कळलं होतं. म्हणजे आपलं प्रशिक्षण सुरू व्हायच्याही आधी. म्हणजे सातव्या आठवड्यात, मी वहीतले मुद्दे वाचून दाखवत होते तेव्हा, तुम्हाला माहीत होतं. सून म्हणाली, ‘आईंनी शपथ घातलेली. लायब्रीत कोनाला कलता नये. बाय रडत बसेल, मग लायब्री कोन बघील?’

मी चहा ठेवून उठले. तुमच्या घरात, तुमच्या दहाव्याला, मला तुमचा एवढा राग आला की तुमच्या फोटोला हात जोडायचे राहिले. पाच दिवसांचा अर्ज माझ्याच हातून लिहून घेतलात. आठाचे पाच मी केले, हे मला आयुष्यभर पुरेल, आणि ते कमी करायला तुम्ही नाही. मला सांगायला तुम्हाला काय झालं होतं? मी काय लहान होते? बसमध्ये बसून मी हेच म्हणत होते आणि खारघरच्या सिग्नलपाशी मला समजलं की अगदी हाच प्रश्न इनायाला मला विचारायचा आहे, फक्त तिला तो मांडता येत नाही म्हणून ती स्वतःचा हात चावते.

गुरुवारी मी त्यांच्या घरी गेले. रुबिनाताई म्हणाल्या, ‘मॅडम, मी दोनदा सुरुवात केली. इंतकाल झाला म्हटलं तर तिला समजत नाही, अल्लाहकडे गेल्या म्हटलं तर ती चप्पल घालून दारात उभी राहील. तुम्हीच बोला.’ इनाया भिंतीला टेकून फरशीवर बसली होती, मनगटाला मलमपट्टी. मी तिच्या शेजारी बसले, समोर नाही. आमच्या घरात मोठ्या माणसाबद्दल जो शब्द कधी तोंडातून काढला नाही तो काढला.

‘हिरा मावशी मेल्या. त्यांच्या पोटात आजार होता. त्या आता येणार नाहीत. सोमवारी नाही, कुठल्याच दिवशी नाही. मला माहीत होतं. मी तुला खोटं सांगितलं.’

रुबिनाताईंनी ओढणी तोंडावर धरली. इनाया हुंकार देत राहिली. किती वेळ ते मी बघितलं नाही. मग ती थांबली.

‘मावशीने का नाही सांगितलं?’

‘मला माहीत नाही.’

‘तुला सांगितलं?’

‘नाही.’

‘तुला पण नाही.’

ती हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तुला पण नाही, तुला पण नाही. म्हणता म्हणता तिचा खांदा माझ्या दंडाला लागला, आणि ती कोणाला अंगाला लागू देत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी हलले नाही. तुम्ही जिला सांगितलं नाही अशी दुसरी कोणी पनवेलात मला तोवर भेटली नव्हती.

शनिवारी ती आली. तुमच्याबद्दल काही विचारलं नाही. पुस्तक उघडून हुंकार देत बसली.

मावशी, आपल्या भांडणाचा निकाल लागलेला नाही. सांगणं सोपं आहे असं मी आता कुणाला म्हणणार नाही. पहिल्या सोमवारी मी तुमच्याच बाजूला येऊन उभी राहिले होते आणि तिथे उभं राहून काय होतं ते बघितलं. ‘मना नाय जमनार’ असं तुम्ही खरं तेच सांगितलं होतं, मी ते हरणं समजले. पण एका गोष्टीत तुम्ही चुकलात आणि ती मी ऐकून घेणार नाही. बाय रडत बसेल, हे तुमचं बरोबर होतं. मी रडलेच असते. तुमचा आजार मला थांबवता आला नसता, गाठीपुढे माझ्या कुठल्याच सर्टिफिकेटचं काही चाललं नसतं, एवढं मला कळतं. फक्त आता जे मी दुपारी एक ते चार, दार लावून, एकटी रडते, ते तुमच्या शेजारी बसून रडले असते. तुम्ही दोन शिव्या घातल्या असत्या, पदर पुढे केला असता, आणि चार वाजता उठून मला म्हणाला असता की तोंड धू, लोक यायची वेळ झाली.